शेंदेलोण दाबणाऱ्या अक्का

अक्का बाजारातून शेंदेलोण आणायच्या ते खाण्यासाठी नव्हे. सोलापूरच्या किराणा पेठेत त्या पोत्यापुढं उकिडव्या बसायच्या, एकेक खडा उचलून, एक डोळा मिटून उन्हाकडं धरायच्या आणि परत टाकून द्यायच्या. अर्धं पोतं उपसून चार खडे निवडायच्या. दुकानदार वैतागून म्हणायचा, "बाई, मीठ हाय ते, हिरं न्हाईत." अक्का म्हणायच्या, "हिरं असतं तर एवढं बघितलं नसतं." या उत्तराचं काय करावं ते त्या बिचाऱ्याला कळायचं नाही. खरं सांगायचं तर पिशवी धरून शेजारी उभ्या असलेल्या मलाही कळायचं नाही.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. मी येरमाळ्याहून लग्न होऊन जळकोटला आले तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं आणि बाहेर जगात मोठी लढाई चालू होती. सासरी माणसं मोजकी. आडत दुकान बघणारे आमचे हे, अर्धांगाच्या झटक्यानं बाजेला खिळलेले सासरे, आणि या अक्का. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. त्या कानडी मुलखातल्या, म्हणून अक्का लहानपणापासून मामाकडं बंगळूरला राहिल्या, तिथंच शिकल्या, कॉलेजात गेल्या, आणि कॉलेज संपल्यावरही शिकतच राहिल्या. वडलांना झटका आला तशा सगळं सोडून जळकोटला आल्या. महिनाभरासाठी म्हणून आल्या होत्या. मी आले तेव्हा त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं.

लग्नानंतर चौथ्या दिवशी ज्वारी काढायला म्हणून मी कोठीत गेले आणि दारातच थबकले. आत बाभळीची एक लांब दांडी आडवी टांगलेली होती. तिच्या एका अंगाला लोहारानं घडवलेल्या दोन पोलादी पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांच्या मधे चिंचोक्याएवढा मिठाचा खडा. दांडीच्या दुसऱ्या टोकाला आमच्या दुकानातली वजनं लटकत होती, आणि त्या टोकाला बांधलेलं एक दाभण मागच्या पट्टीवरच्या रेघा दाखवत होतं. समोर पाटावर अक्का बसलेल्या. कोपऱ्यातल्या बाजेवर सासरे. दोघंही त्या दाभणाकडं असे टक लावून बघत होते, की मला वाटलं काही तरी पूजा चालली आहे. मी चप्पल नसतानाही पाय मागं घेतला.

"ये की आत," अक्का म्हणाल्या. "नुसतं दांडीला धक्का लावू नको."

"काय करताय अक्का?"

"मीठ दाबतेय."

मी बराच वेळ थांबले. पुढं काही तरी सांगतील असं वाटलं. त्यांनी आणखी एक अच्छेर वजन हळूच अडकवलं, तोंडानं "मूरु" म्हणाल्या आणि वहीत काही लिहिलं. मोजणं कानडीत, लिहिणं इंग्रजीत, बोलणं आमच्या मराठीत. मी ज्वारी न घेताच बाहेर आले.

शेजारपाजारच्या बायका मला विचारायच्या, "तुजी नणंद चेटूक करती का गं?" मी म्हणायचे, न्हाय. "मग काय करती?" एकदा धीर करून मी अक्कांनाच म्हणाले, "मीठ दाबलं तर भुगा व्हतो. त्यात काय बघायचं?"

अक्का हसल्या. म्हणाल्या, "भुगा व्हायच्या आधी काय व्हतं, ते बघायचं."

मग त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं. तेव्हापासून ते मी किती तरी जणांना सांगायचा प्रयत्न केला आहे आणि दर वेळी मधेच अडखळले आहे. "बंगळूरला आमच्या सरांकडं एक यंत्र हाय. त्यातनं डोळ्याला न दिसणारा उजेड निघतो. दवाखान्यात मोडलेल्या हाडाचा फोटू काढत्यात बघ, तोच उजेड. त्याचा बारीक झोत करून खड्यातनं सोडायचा आणि पल्याड फिल्म ठेवायची. फिल्म धुतली की तिच्यावर काळं ठिपकं उमटत्यात."

"कशाचं ठिपकं?"

"मिठाचं कण आत रांगा करून बसल्यात. लई बारीक, कोणत्याच भिंगातनं दिसायचं न्हाईत. पण रांगा सरळ असल्या तर ठिपका साधा, आटोपशीर येतो. खडा दाबला आणि आतल्या रांगा वाकल्या, की ठिपक्याला शेपूट फुटतं. शेपूट किती लांब झालं ते मोजलं, की रांगा किती वाकल्या ते कळतं."

"पण बाहेरनं तर खडा हाय तसाच दिसतोय."

"तेच की!" अक्का इतक्या आनंदानं म्हणाल्या, की मी काही तरी फार शहाणपणाचं बोलले असावे. काय ते मात्र मला समजलं नाही.

सरांनी त्यांना सवलत दिली होती. खडे जळकोटला दाबायचे, बंगळूरला धाडायचे, तिथं फोटू निघायचे आणि धुतलेल्या फिल्मा मोजणीसाठी परत जळकोटला यायच्या. निजामाची डाक वेगळी आणि इंग्रजांची वेगळी, म्हणून पार्सल सोलापूरला जाऊन करावं लागे. एरवी ते आमचे हे करायचे, पण अक्कांना खडे निवडायचे असले की त्या स्वतः निघायच्या आणि मला सोबत घ्यायच्या. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती सर्व्हिस मोटार चढ आला की दम टाकायची आणि सगळ्यांना उतरून चालावं लागायचं.

हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. तिथला जवान एकेकाचं गाठोडं उलगडून बघायचा. एकदा त्यानं अक्कांचा पत्र्याचा डबा उघडला. आत कापूस, कापसात आठ खडे, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली आकड्याची चिठ्ठी.

"ये क्या है?"

"नमक," अक्का म्हणाल्या.

"इत्ताच? कां ले जा रहे?"

"बंगळूर भेजना है."

"बंगळूर में नमक नै मिलता?"

"मिलता है. दबाया हुआ नै मिलता."

जवानानं एकदा डब्याकडं बघितलं, एकदा अक्कांकडं, एकदा माझ्याकडं. मग खरंच मीठ आहे का याची खात्री करायला त्यानं पाच नंबरचा खडा उचलून सरळ जिभेला लावला. अक्कांच्या तोंडून जी किंकाळी निघाली, तिनं मोटारीतली माणसं खाली उतरली. जवान घाबरून "नमकच है, नमकच है" म्हणत दोन पावलं मागं सरला आणि आम्हांला हातानंच जायची खूण केली. मोटारीत बसल्यावर अक्कांनी वही काढली आणि पाच नंबरासमोर लिहिलं. मी विचारलं, काय लिवलं? त्यांनी वाचून दाखवलं, "नाक्यावर चाटला."

"असं बी लिवायचं असतं व्हय?"

"घडलं न्हाय का?"

त्या वहीत शेवटचा एक रकाना होता. बाकी रकान्यांची नावं इंग्रजीत, पण याच्यावर अक्कांनी मराठीत लिहिलं होतं: कळत नाही. कशाचा अर्थ लागला नाही की तो त्या तिथं टिपून ठेवायच्या. मी त्यांना शेपटं मोजायला मदत करू लागले ती त्या रकान्यामुळं; तेवढाच मला वाचता यायचा. वडलांनी मला घरी अक्षरं आणि आकडे शिकवले होते, पण त्याचा उपयोग सासरी कुठं होईल असं वाटलं नव्हतं. अक्का फिल्म खिडकीच्या काचेला लावायच्या, मी भिंग धरून शेपटाच्या टोकावर पट्टी ठेवायची आणि आकडा सांगायची. पण शेपूट एका जागी संपत नसे. ते फिकट होत होत कुठं तरी नाहीसं व्हायचं.

"हितं संपतंय... न्हाय, हितं. अक्का, मला वाटतंय की..."

"वाटतंय ते मागनं. दिसतंय तेवढंच सांग."

"दिसतंच न्हाय नीट."

"मग तसं सांग. त्यात काय चोरी हाय?"

मला त्यात चोरी वाटायची. माझ्या माहेरी आणि सासरी, कळत नाही असं पोरीनं म्हटलं की ती बिनकामाची ठरायची. अक्का मात्र हा शब्द असा मोकळेपणानं वापरायच्या की ऐकणाऱ्यालाच अवघडायला व्हावं. गावात कुणी विचारलं, "लढाई कदी संपंल अक्का?" तर, "कळत न्हाय." "निजाम ऱ्हाईल का जाईल?" "कळत न्हाय." आणि मी एकदा विचारलं, "तुमचं लगीन का न्हाय झालं?" तेव्हा थोडा विचार करून म्हणाल्या, "बघायला यायचे. इचारायचे, काय करता? मी सांगायची. मग जायचे. का जायचे ते कळत न्हाय." त्या थट्टा करत होत्या की खरं बोलत होत्या, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

सासरे हे त्यांचे खरे सोबती. झटक्यानंतर त्यांचं बोलणं इतकं लोळायचं की अक्कांशिवाय कुणाला समजत नसे. उजवं अंग गेलेलं, पण नजर शाबूत. जन्मभर तराजूच्या काट्याकडं बघितलेला माणूस. दाभण केसभर हललं की डाव्या हातानं बाजेच्या माच्यावर टकटक करायचे. आमचे हे कुरकुरायचे, "गिऱ्हाईक दारात उभं ऱ्हातंय आन् माझी वजनं कोठीत टांगलेली." सासरे काही तरी पुटपुटायचे. अक्का त्याचा अर्थ सांगायच्या, "अप्पा म्हणत्यात, उद्या घेऊन जा." अप्पा खरंच तसं म्हणाले का, हे पडताळायची कुणाला सोय नव्हती.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून ती गोष्ट घडली.

घट बसायच्या आधी मी घर सारवून, झाडून काढत होते. अक्का सासऱ्यांना अंघोळ घालत होत्या. कोठीत दाबायला तयार केलेल्या खड्यांची परडी होती. वस्तऱ्याचं पातं ठेवून वर हलकी टिचकी मारली की शेंदेलोणाचा खडा सपाट चिरतो, तसे चिरून अक्कांनी सारखे बारा खडे काढले होते. त्यांच्यावर धूळ बसली होती, हाताचे डाग होते. म्हटलं, सणाचं घर आहे, हेही स्वच्छ करावं. मी एकेक खडा पाण्याच्या तांब्यात बुचकळून, बोटांनी चोळून, कोरड्या फडक्यानं पुसून परत परडीत ठेवला. कसे लखलखत होते! अक्का खूश होतील असं मला वाटलं. मग पोळ्यांच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं.

पंधरवड्यानं अक्कांनी ते खडे दाबायला घेतले. एरवी एका ठरावीक वजनाला खडा टच्च आवाज करून तुटायचा. हे तुटेचनात. वजनावर वजन चढवलं, दाभण खाली खाली गेलं, खडा दबून बुटका झाला, पण फुटला नाही. सासरे माच्यावर टकटक करून थकले. अक्कांनी दांडी सोडवली, पुन्हा लावली. वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं: कडा बोथट दिसतात. हवा दमट? कळत नाही.

महिनाभरानं फिल्मा आल्या. शेपटं एवढी लांब की पट्टी पुरेना. मी हौसेनं आकडे सांगत होते आणि अक्कांचा चेहरा उतरत चालला होता. मागोमाग सरांचं पत्र आलं. अक्कांनी ते उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं, मग मला मराठीत सांगितलं. "सर म्हणत्यात, आधीच्या चाळीस खड्यांशी या बाराचा मेळ बसत न्हाय. काय बदललं ते कळवा. काहीच बदललं नसंल तर तुमची वजनं चुकीची असतील किंवा तुम्ही. महिनाभर थांबतो. मग हे काम दुसऱ्याला देतो."

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण घरात स्वयंपाक व्हायचा आणि तसाच उरायचा. अक्कांनी सगळी वजनं नळदुर्गाच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडं नेऊन पारखून आणली. बरोबर होती. लोहाराला बोलावून पट्ट्या पुन्हा घासून घेतल्या. लोहार रुसला. दाभण बदललं. खडे चुन्याच्या डब्यात कोरडे करून बघितले. एक दिवस मी पाणी द्यायला कोठीत गेले, तर त्या वडलांच्या बाजेला टेकून जमिनीवर बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, "अप्पा, आधीचं चाळीस चुकलं का हे बारा, मला समजंना झालंय. कदाचित मला मोजताच येत न्हाय." सासऱ्यांनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

मी तांब्या तिथंच ठेवला आणि त्या तांब्याकडं बघताना मला सगळं आठवलं.

पाण्यानं असं होत असेल का? मीठ तर पाण्यात विरघळतं, म्हणजे उलट लवकर तुटायला हवं. मग माझा काय दोष? पण मग बदललं काय होतं? दुसरं तर काहीच नाही. मी माझ्याच मनाशी आठ दिवस भांडत राहिले. सांगावं तर अक्कांची तीन वर्षांची मेहनत मी नासवली असं होणार; आमचे हे काय म्हणतील, माहेरी काय निरोप जाईल. न सांगावं तर त्या रोज वाळत चाललेल्या. महिना संपायला सहा दिवस उरले तेव्हा भाकरी थापता थापता उठले, पिठाच्या हातांनीच कोठीत गेले.

"अक्का, म्या ते खडं धुतलं होतं."

त्यांनी वर बघितलं.

"सणाच्या टायमाला. घाण दिसत होती म्हणून. पाण्यात घालून चोळलं. तुमाला सांगायचं ऱ्हायलं." एवढं बोलून मी रडायलाच लागले.

अक्का उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पाणी कसलं? आडाचं का वढ्याचं?"

मी रडणं विसरले. "आडाचं."

"किती येळ ठेवलं?"

"ठेवलं न्हाय. धा मोजावं तेवढ्यात बुचकळून चोळलं."

"पुसलं कशानं?"

"धुतलेल्या फडक्यानं."

"बाराच्या बारा?"

"व्हय."

त्यांनी वही ओढली आणि हे सगळं लिहून घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता रड." पण आता मला रडू येईना. रागावल्या की नाही, तेच समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे सुरू केलं त्यानं तर माझं डोकंच चक्रावलं. नवे चोवीस खडे चिरले. मला म्हणाल्या, "यातलं कोणतं बी बारा धू. कोणतं ते मला सांगायचं न्हाय. तुज्या जवळ चिठ्ठी लिवून ठेव." खडे पट्ट्यांत मीच लावायचे, त्यांच्यावर फडकं मीच झाकायचं, आणि अक्का दांडीच्या पलीकडच्या टोकाला, खड्याकडं पाठ करून, फक्त दाभण बघत बसायच्या. सांगितलं नाही म्हणून मी आठ दिवस मरत होते, आणि आता त्याच मला सांगू नको म्हणून दटावत होत्या. एकदा मी सासऱ्यांकडं बघून नकळत मान हलवली तर अक्का म्हणाल्या, "अप्पांना बी न्हाय. त्यांच्या टकटकीवरनं मला कळंल."

चार दिवसांत चोवीस झाले. मग चिठ्ठी आणि वही शेजारी ठेवली. धुतलेल्या बारापैकी दहा दबले आणि तुटले नाहीत. न धुतलेल्या बारापैकी अकरा टच्च करून तुटले. उरलेल्या तिघांनी असं का केलं, हे अक्कांनी शेवटच्या रकान्यात लिहिलं. आणि त्याच दिवशी सरांना पत्र लिहिलं. पत्र मला वाचून दाखवलं. त्यात माझी चूक असं कुठं नव्हतंच. 'घरातल्या व्यक्तीनं खडे पाण्यानं धुतले होते, ते मी ओळखायला हवं होतं, कडा बोथट दिसूनही मी हवेला दोष दिला,' असं होतं.

सरांचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. अक्का वाचता वाचता मोठ्यांदा हसल्या. "सर म्हणत्यात, पाण्यानं धुतलेलं शेंदेलोण असं वागतं हे परदेशात कुणी तरी वीस वर्सं आधीच दावलंय. पण कारण शोधलं ते बरं केलं. पुढचं खडं कोरडं ठेवा."

"म्हंजे आपलं समदं वाया गेलं?"

"वाया कसं? बरोबर निघालं की."

"पण दुसऱ्यानं आधीच बघितलं ना?"

"बघितलं. आपण बी बघितलं." त्यांनी पत्र घडी करून वहीत ठेवलं. हसू तसंच होतं, पण डोळे खिडकीबाहेर गेले होते. त्या आनंदात होत्या की त्यांना वाईट वाटलं होतं, हे मी त्या दिवशी किती तरी वेळा चोरून बघितलं. दोन्ही दिसत होतं.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही कोरडे खडे दाबले. किती फिल्मा मी मोजल्या, गणती नाही. माझं पहिलं मूल त्या कोठीच्या उंबऱ्यावर रांगायला शिकलं. लढाई संपली, इंग्रज गेले, आणि आमच्याकडं मात्र निजाम तसाच राहिला. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली. रोज कुठल्या तरी गावाहून वाईट बातमी यायची. लोक गाड्या जुंपून सोलापूरच्या बाजूला निघाले. आम्हीही निघालो असतो, पण सासऱ्यांना हलवणं शक्य नव्हतं, आणि अक्का त्यांना सोडून जाणार नव्हत्या. त्या उन्हाळ्यात एका दुपारी सासरे झोपेतच गेले. अक्का त्या वेळी खडा लावत होत्या. टकटक ऐकू येईना म्हणून त्यांनी मागं वळून बघितलं.

सासऱ्यांना माती दिल्यावर आठवड्याभरात अक्कांचं जायचं ठरलं. सरांचं पत्र आलं होतं, आता या, उरलेलं इथं पुरं करा. आम्ही दुकानाची आवराआवर करून महिन्यानं सोलापूरला जाणार होतो.

अक्का गेल्या त्या बंगळूरच्याच झाल्या. काम पुरं केलं, मग तिथल्याच मुलींच्या कॉलेजात शिकवत राहिल्या. वर्षाकाठी एक-दोन पत्रं यायची, मोजक्या ओळींची. निजामाचं राज्य संपल्यावर या बाजूला याल का, असं ह्यांनी लिहिलं तर उत्तर आलं, बघते. त्या आल्या नाहीत. त्यांना हृदयाचा झटका आला आणि त्या गेल्या, हे त्यांच्या मामेभावाच्या कार्डावरून आम्हांला आठ दिवसांनी समजलं. मी त्यांची भाची नव्हे, लेक नव्हे; कुणाचं सुतक धरावं तसं ते धरता येईना, आणि धरल्याशिवाय राहवेना.

पण मला त्या दिसतात ते निघाल्या त्या सकाळच्या. ओळखीच्या व्यापाऱ्याची शेंगांची लॉरी सोलापूरला चालली होती. रस्त्यावर आम्ही चारसहा माणसं पोचवायला उभे होतो. अक्का ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या, मांडीवर पत्र्याची पेटी. लॉरी निघाली. मी पदर तोंडाला लावला.

पन्नास पावलांवर जाऊन लॉरी थांबली. अक्का खाली उतरल्या आणि भराभर परत चालत आल्या. काही तरी विसरलं असेल म्हणून हे घराकडं पळायच्या बेतात होते. मला तर वेड्यासारखं वाटलं, जायचं रद्द केलं.

अक्का माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. धाप लागली होती.

"तुजं नाव काय गं?"

मला प्रश्नच कळेना. "गिरिजा," मी म्हणाले.

"ते आमी ठेवलेलं. लगनातलं. तुजं माहेरचं कोणतं?"

"कशाला अक्का?"

"मोजणी कुणी केली ते कागदावर लिवावं लागतं. सरांना मी गिरिजा लिवणार होते, मग म्हटलं, तुला इचारलंच न्हाय."

सहा वर्षांत ते नाव कुणी घेतलं नव्हतं. माहेरीसुद्धा आता मला जळकोटची म्हणत.

"भागीरथी."

"भागीरथी," अक्कांनी सावकाश म्हणून बघितलं, आणि पेन्सिलीनं पेटीच्या झाकणावर लिहिलं. "येरमाळा ना?"

"व्हय."

त्यांनी तेही लिहिलं. माझ्या खांद्याला हात लावला, पाठ फिरवली आणि गेल्या. त्यांचा तो कागद पुढं कुठं छापला का, त्यावर ते नाव आलं का, मला माहीत नाही. पत्रातून विचारायला माझा हात धजला नाही.

लॉरी नळदुर्गाच्या बाजूला दिसेनाशी झाली. माणसं पांगली. मागून शेजारच्या काकूंनी हाक मारली, "गिरिजा, अगं चल की घरात, पोर रडतंय." मी उभीच राहिले. मला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारतायत.